घरात रीफ टँक: आधी पाणी, मग गारवा, मासे सगळ्यात शेवटी

रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्यात जिवंत प्रवाळ आणि मासे ठेवलेली टाकी. तिचा खर्च बहुतेक घरांत उलट्या क्रमाने होतो. आधी काच, मग झगझगीत लाइट, त्याच आठवड्यात दोन क्लाउनफिश, आणि मे महिन्यात पाणी ३२ अंशांवर गेलं की धावपळ करून चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र. तोवर प्रवाळ पांढरे पडलेले असतात. गोड्या पाण्यातले गप्पी किंवा मॉली अशा चुका पोटात घालतात, प्रवाळ घालत नाहीत. म्हणून क्रम बदलायचा. आपल्याकडे पहिला खर्च पाणी शुद्ध करण्यावर, दुसरा ते गार ठेवण्यावर, बाकी सगळं त्यानंतर.

प्रवाळ, म्हणजे पोवळी, हे प्राणी आहेत. त्यांच्या पेशींत झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल भाड्याने राहतं आणि उजेडात तयार केलेल्या अन्नातून भाडं चुकवतं. पाणी फार तापलं की हा करार मोडतो, शैवाल बाहेर फेकलं जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. तो लगेच मरत नाही, पण उपाशी असतो. टँकमधली सगळी यंत्रं शेवटी हा करार टिकवण्यासाठी असतात.

उदाहरणासाठी एक नेमकी टाकी धरू: ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, १० मिलिमीटर काच, खाली कपाटात २ फुटांची दुसरी टाकी. या खालच्या टाकीला सम्प म्हणतात. दोन्ही मिळून खरं पाणी साधारण २०० लिटर. पहिल्यांदाच करताय म्हणून एक फुटाचा ‘छोटासा’ टँक घेऊ नका, तो उलट अवघड जातो. पाणी जितकं कमी, तितके तापमान आणि क्षार लवकर हलतात.

काच, पाणी, दगड, वाळू आणि कपाट धरून वजन सव्वातीनशे किलोच्या घरात जातं. टाकी भिंतीलगत, खाली बीम असेल तिथे ठेवा, बाल्कनीच्या पुढे काढलेल्या भागात नको. कपाट मरीन प्लायचं करून घ्या. साधा प्लाय खाऱ्या ओलीने वर्षभरात फुगतो आणि बिजागऱ्या गंजतात.

नळाचं पाणी का चालत नाही

घरच्या आरओचं पाणी आपल्याला गोड लागतं, टँकला नाही. बऱ्याच घरगुती मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं, म्हणून टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मोजणारा मीटर ४० ते ८० दाखवतो. त्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका, कधी जुन्या फिटिंगमधलं तांबंही असतं. पाण्याची वाफ रोज उडते आणि हे सगळं मागे साठत जातं. शेवाळाला तेवढं पुरे.

लागतं ते आरओ-डीआय पाणी. आरओच्या पुढे डीआय रेझिनचं, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या मण्यांचं, एक नळकांडं जोडायचं आणि मीटरवर ० येईल तेच पाणी घ्यायचं. आरओचं मेम्ब्रेन साधारण ९५ ते ९८ टक्के क्षार अडवतं. महापालिकेचं १०० टीडीएसचं पाणी असेल तर मेम्ब्रेननंतर २ ते ५ उरतात आणि रेझिन बराच काळ टिकतं. बोअरचं ८०० टीडीएसचं असेल तर १६ ते ४० उरतात आणि रेझिन बघता बघता संपतं. टँकर आणि बोअरवर चालणाऱ्या सोसायटीत हा खर्च आधीच हिशेबात धरा. वाया जाणारं पाणी लादी पुसायला वापरता येतं.

समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून आणायची कल्पना सगळ्यांना सुचते. मुंबई, अलिबागच्या किनाऱ्याजवळ पाण्यात गाळ, तेल आणि सांडपाणी असतं, पावसाळ्यात क्षारही घसरतात. बाजारात मिळणारं रीफ सॉल्टच घ्या. मिठागरातलं मीठ किंवा सैंधव याला पर्याय नाही. समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट ठरावीक प्रमाणात असतात, जाड्या मिठात जवळपास फक्त सोडियम क्लोराइड.

लक्ष्य आहे हजारात ३५ भाग क्षार, म्हणजे २५ अंशांना १.०२६ विशिष्ट गुरुत्व. त्यासाठी लिटरला साधारण ३७ ग्रॅम मिश्रण लागतं: २०० लिटरला ७ किलो ४०० ग्रॅम, आठवड्याच्या २० लिटर बदलाला ७४० ग्रॅम. नेहमी पाण्यात मीठ घाला, मिठावर पाणी ओतू नका. घट्ट मिठावर पाणी पडलं की कॅल्शियम कार्बोनेट पांढरं होऊन तळाशी बसतं आणि पुन्हा विरघळत नाही. बादलीत छोटा पंप सोडून रात्रभर फिरू द्या.

क्षार मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, पण तो नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्याला लावून भागत नाही, वर दीड-दोन भागांची चूक राहू शकते. घरच्या घरी तपासायची युक्ती: ३६.५ ग्रॅम कोरडं साधं मीठ भांड्यात घ्या आणि एकूण वजन बरोबर १००० ग्रॅम होईपर्यंत शुद्ध पाणी घाला. या द्रावणाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो ते, ३५ भागांच्या समुद्रपाण्याइतकाच असतो. पट्टीवर ३५ दिसेपर्यंत स्क्रू फिरवा.

गारवा

पाणी २५ ते २७ अंशांत हवं. पंप आणि लाइटच्या उष्णतेने टाकी खोलीपेक्षा एक-दोन अंश गरमच असते. मे महिन्यात मुंबईतल्या बंद फ्लॅटमध्ये दुपारी ३२-३३ अंश सहज होतात, त्यामुळे इथे चिलर ही चैन नाही. २०० लिटरला १/१० हॉर्सपॉवरचा कागदावर पुरेल असा दिसतो, पण मग तो दिवसभर थांबतच नाही. १/६ चा घ्या. चिलर पाण्यातली उष्णता बाहेर, म्हणजे त्याच खोलीत टाकतो. कपाटात कोंडला तर स्वतःचीच गरम हवा ओढत बसतो. मागे मोकळी जागा किंवा खिडकीशेजार द्या.

पुणे, नाशिक, नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर वारा मारणारे दोन छोटे पंखे बरंच काम करतात. एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता लागते, ती २०० लिटर पाण्याच्या जवळपास ३ अंशांइतकी असते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत वाफच नीट होत नाही, म्हणून तोच पंखा तिथे एखादा अंश कमी करून थकतो. पुण्याच्या मित्राचा सल्ला मुंबईत का चालत नाही, त्याचं कारण हे. थंडीत मात्र पुणे-नाशिककडे १५० वॉटचा हीटर लागतो.

वाफ फक्त पाण्याची होते, मीठ टाकीतच राहतं. म्हणून रोजची भर शुद्ध पाण्याने घालायची, खाऱ्या पाण्याने नाही. पंखे लावलेल्या टाकीतून दिवसाला ४ लिटर उडाले आणि तीन दिवस कोणी पाहिलं नाही, तर ३५ वरचे क्षार ३७ च्या पुढे जातात. तरंगत्या स्विचवर चालणारं ऑटो टॉप-अप बसवलं की हा प्रश्न संपतो. मात्र त्याचं पाणी लहान डब्यात ठेवा, पिंपात नको. स्विच अडकला तर ५ लिटर गोडं पाणी जाणं परवडतं, ५० नाही.

सम्प आणि लाइट गेल्यावरचं गणित

वरच्या टाकीचं पाणी काठावरून पाइपने सम्पमध्ये उतरतं, तिथे प्रोटीन स्किमर असतो आणि रिटर्न पंप ते परत वर ढकलतो. स्किमरचं तत्त्व पावसाळ्यात किनाऱ्यावर येणाऱ्या फेसाचंच आहे. बारीक बुडबुड्यांना सेंद्रिय घाण चिकटते आणि वरच्या कपात कोऱ्या चहासारखं काळपट पाणी जमतं. ते तीन-चार दिवसांनी ओतायचं. वास येतोच.

दिवाणखान्यात पाणी सांडतं ते बहुतेक वेळा वीज गेल्यावर. पंप थांबला की रिटर्नचा पाइप उलटा सायफन होतो. आपल्या टाकीत पाण्याची पातळी १ सेंटिमीटर खाली आली की ४ लिटर पाणी उतरतं. रिटर्नचं तोंड पृष्ठभागाच्या ५ सेंटिमीटर खाली असेल तर २० लिटर खाली येतात आणि सम्पची पातळी सुमारे ९ सेंटिमीटर चढते. तेवढी जागा रिकामी नसेल तर ते पाणी लादीवर. उपाय फुकटचा आहे: तोंड पृष्ठभागाला लागूनच ठेवा. काही जण पाइपला सायफन तोडणारं भोक पाडतात, पण ते शंखाने किंवा शेवाळाने बुजतं, त्याच्या भरवशावर राहू नका. टाकी भरल्यावर मुद्दाम मेन स्विच बंद करून दहा मिनिटं बघत उभं राहा. ही परीक्षा मासे येण्याआधी द्यायची.

खारं पाणी विजेचं उत्तम वाहक आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, हवाच, आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली वळसा घेऊन वर जाऊ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी बोर्डात शिरत नाही. इन्व्हर्टरवर सगळं चालवायची गरज नाही. पाणी हलवणारा एक वेव्ह पंप १० ते २० वॉट खातो, तेवढा चालला तरी ऑक्सिजन मिळत राहतो. लाइट बंद राहिला तर प्रवाळांना दोन दिवस काही होत नाही. पाणी थांबलं तर मासे काही तासांत वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात.

दगड आणि कायदा

२०० लिटरला १८ ते २० किलो कोरडा सच्छिद्र दगड पुरतो. हाच खरा फिल्टर, कारण त्याच्या छिद्रांत जिवाणू राहतात. दगड थेट काचेवर टेकवून रचा, वाळू नंतर घाला. वाळूवर रचलेला ढीग खोदणाऱ्या गोबी माशाने एका रात्रीत पाडल्याची उदाहरणं कमी नाहीत. वाळू अ‍ॅरागोनाइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, दाणा १ ते २ मिलिमीटर, थर अडीच सेंटिमीटर, साधारण १५ किलो. समुद्रकिनाऱ्याची वाळू आणू नका, कोकणातल्या काळसर वाळूत लोहखनिजाचे कण असतात.

किनाऱ्यावरून प्रवाळ मात्र कधीच आणायचा नाही, अगदी पांढरा पडलेला तुकडाही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात खडक बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळं पोवळं, समुद्रपंखे, फायर कोरल आणि ऑर्गन पाइप कोरल येतात, तसेच समुद्रघोडेही. समुद्रातून काढलेल्या ‘लाइव्ह रॉक’वर हेच प्रवाळ चिकटलेले असतात. परदेशातून आणलेले कठीण प्रवाळ वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, तेव्हा कागदपत्रांशिवाय घेऊ नका.

म्हणून घरगुती टँक मऊ प्रवाळांचाच करावा: झोअँथिड, मशरूम, लेदर, झेनिया. कायद्याची कटकट टळते आणि नवशिक्याला हेच झेपतात. त्यांना उजेड कमी लागतो, कॅल्शियम जवळपास लागत नाही, आणि डोलताना कठीण प्रवाळांपेक्षा देखणे दिसतात. एक सावधगिरी: झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं. हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला, आणि तो चिकटलेला दगड कधीही उकळू नका. वाफेतून आख्खं घर आजारी पडू शकतं.

रिकाम्या टाकीचे दीड महिने

दगड, वाळू, खारं पाणी, पंप सुरू. आता मासे टाकायचे नाहीत, अमोनिया टाकायचा.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असल्यामुळे इथे तो गोड्या पाण्यापेक्षा जास्त विषारी ठरतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. हे दोन्ही गट दगडावर वसायला चार ते सहा आठवडे घेतात. याला ‘टँक सायकल होणं’ म्हणतात.

शुद्ध अमोनियम क्लोराइड सव्वा ग्रॅम, कपभर पाण्यात विरघळवून टाका. २०० लिटरमध्ये अमोनिया सुमारे २ पीपीएम (दहा लाखांत २ भाग) होतो आणि चाचणीची पिवळी कुपी हिरवी पडते. रसायन मिळालं नाही तर सोललेली कच्ची कोळंबी जाळीत बांधून सोडा, फक्त मोजमाप हातात राहत नाही आणि घरात बाजाराचा वास येतो. पहिले काही दिवस काहीच होत नाही. मग एके दिवशी हिरवा रंग फिका पडलेला दिसतो आणि नायट्राइटची कुपी जांभळी होते. इथे घाबरून पाणी बदलू नका. खाऱ्या पाण्यातले क्लोराइड नायट्राइटला माशांच्या शरीरात शिरू देत नाहीत, आणि टाकीत अजून मासे नाहीतच. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा सव्वा ग्रॅम टाका. २४ तासांत अमोनिया परत शून्य आणि नायट्राइटही शून्य झालं की सायकल झाली. मग एक तृतीयांश पाणी बदला.

बाटलीतले जिवाणू वापरले तर हा काळ दोन आठवड्यांवर येऊ शकतो. चाचणी मात्र तीच.

यानंतर टाकी घाणेरडी दिसते. आधी सगळ्यावर तपकिरी भुकटी बसते, हे डायटम, एक सूक्ष्म शैवाल. सिलिका संपली की आपोआप जातात, उगाच घासत बसू नका. मग हिरवं केसाळ शेवाळ, त्यासाठी पाच-सहा टर्बो किंवा ट्रोकस शंख सोडा. लालसर मेणचट थर दिसला, जो साय काढावी तसा अखंड सुटून येतो, तर तो सायनोबॅक्टेरिया. त्या कोपऱ्यात पाणी फिरत नाही, पंपाची दिशा बदला. आणि बुडबुडे धरलेले शेंबडासारखे तपकिरी धागे लोंबू लागले तर ते डायनोफ्लॅजेलेट. हे बहुधा अतिस्वच्छतेचं फळ असतं. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य झाले की इतर जीव उपाशी मरतात आणि यांना रान मोकळं मिळतं. नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ असू द्या.

लाइट, लाटा, सोडा

तीन फुटांवर निळ्याकडे झुकणारा १०० वॉटच्या आसपासचा एलईडी पुरतो. पहिला महिना ३० टक्क्यांवर, दिवसाला ८ तास. प्रवाळांना उपासमारीपेक्षा अचानक आलेला प्रखर उजेड लवकर मारतो. लाटांसाठी ताशी ३००० लिटरचे दोन वेव्ह पंप समोरासमोरच्या काचांवर, आळीपाळीने चालणारे.

क्षारता, म्हणजे मिठाचे क्षार नव्हे तर मुख्यतः बायकार्बोनेटचं प्रमाण, ८ ते ९ डीकेएच (तिचं एकक), कॅल्शियम ४२० आणि मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास ठेवायचं. मऊ प्रवाळांच्या टाकीत आठवड्याला २० लिटर पाणी बदललं की हे बहुतेक आपोआप सांभाळलं जातं. क्षारता घसरलीच तर खायचा सोडा: २०० लिटरमध्ये १ डीकेएच वाढवायला ६ ग्रॅम, आधी विरघळवून, आणि दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त नाही. खायचा सोडाच, बेकिंग पावडर नको, फ्रूट सॉल्टही नको. परदेशी हौशी ज्याला काल्कवासर म्हणतात ती म्हणजे चुन्याची निवळी. पण पानाच्या डबीतला चुना त्यासाठी वापरू नका, लागतं ते शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड.

शेवटी मासे

पहिली जोडी ओसेलारिस क्लाउनफिशची, पैदास केंद्रातली. समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा ती कोरडं खाद्य लवकर घेते. महाराष्ट्रातही ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात या माशांची पैदास होते, तेव्हा दुकानदाराला मासा कुठून आला हे जरूर विचारा. क्लाउनफिशला अ‍ॅनिमोन, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी, लागतोच असं नाही. अ‍ॅनिमोन वर्षभराआधी आणू नये, तो फिरत फिरत पंपात जातो आणि टाकीभर किसला जातो. निळा टँग, ज्याला लहान मुलं डोरी म्हणतात, सहा फुटांच्या टाकीत शोभतो, इथे नाही. दोन क्लाउन, महिन्याने एक फायरफिश, मग एक ब्लेनी. या टाकीला एवढे पुरेत.

प्रत्येक मासा आधी वेगळ्या साध्या टाकीत चार आठवडे ठेवा. क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीची पांढरी पुळी एकदा मुख्य टाकीत शिरली की तिथे औषध घालता येत नाही, कारण तांब्याचं औषध शंख, कोळंबी आणि प्रवाळ मारतं. मग सगळे मासे बाहेर काढून टाकी ७६ दिवस माशांविना ठेवावी लागते. दुकानातलं पाणी बरेचदा कमी खारट असतं, ते मोजून वेगळ्या टाकीचे क्षार तेवढेच ठेवा आणि मग रोज थोडे वाढवा. लांबून कुरिअरने आलेली पिशवी उघडून तासभर ठिबक लावू नका, म्हणजे टाकीचं पाणी थेंबथेंब मिसळत बसू नका. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी होतो. बंद पिशवी पंधरा मिनिटं तरंगत ठेवा, मग मासा लगेच हलवा.

घरातल्या काही सवयी बदलाव्या लागतात. डास मारायचं लिक्विड मशीन टाकीच्या खोलीत नको, त्यातली पायरेथ्रॉइड कीटकनाशकं कोळंबी आणि माशांना घातक असतात. पेस्ट कंट्रोलच्या दिवशी टाकी झाकून स्किमर आणि एअर पंप बंद ठेवा, खिडक्या उघडल्यावरच सुरू करा. तांब्या-पितळेच्या भांड्याने भर घालू नका.

गणपतीला आठ दिवस गावी जायचं असेल तर पाणी बदल आणि सफाई निघायच्या चार दिवस आधी उरका, आदल्या दिवशी नाही, म्हणजे काही बिघडलं तर कळेल. भरीचं पाणी ५ लिटरच्या कॅनमध्ये भरून ठेवा आणि टॉप-अपचा डबा रोज भरायला शेजाऱ्यांना सांगा. माशांचं खाणं वारांची नावं असलेल्या गोळ्यांच्या डबीत एकेका दिवसाचं घालून द्या आणि खाद्याचा मोठा डबा कुलपात ठेवा. शेजारच्या काकूंना मासे कायम उपाशी दिसतात.